प्रभागातल्या सगळ्यांची हालचाल वाढवायची तर: मोजणीपासून देखभालीपर्यंत

आरोग्याच्या नावाने शहरात वर्षातून एकदा मॅरेथॉन होते, टी-शर्ट वाटले जातात, आणि सोमवारी रस्ता पुन्हा होता तसा होतो. त्यात धावणारे बहुतेक जण आधीपासूनच धावणारे असतात. हा लेख त्या एका रविवारसाठी नाही. नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या एका भागात, दहा-पंधरा हजार वस्तीत, पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या रोजच्या दिवसात थोडी जास्त हालचाल कशी आणायची, त्याचा हा कामाचा क्रम आहे. सुरुवात नगरसेवक करू शकतो, मुख्याध्यापक करू शकतात, ज्येष्ठ नागरिक संघही करू शकतो. एकट्याने मात्र ते कुणालाच तडीला नेता येणार नाही.

उद्दिष्ट साधं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं. मध्यम म्हणजे श्वास वाढतो, बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही इतपत. पूर्वी 'सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची' अशी अट होती. ती २०२० मध्ये काढली, त्यामुळे जिन्याची दोन मिनिटंही जमेला धरतात. २०२२ मध्ये जगातली ३१ टक्के प्रौढ माणसं या पातळीपर्यंत पोचत नव्हती. भारतात हे प्रमाण जवळपास निम्मं होतं: स्त्रियांत सुमारे ५७ टक्के, पुरुषांत सुमारे ४२.

एवढ्या माणसांना एकेकटं गाठून समजावणं कुठल्याच यंत्रणेला परवडत नाही. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं होतं की दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. ते कंडक्टर तब्येतीसाठी जिने चढत नव्हते, कामच तसं होतं. पुढची सगळी कामं याच धर्तीची आहेत: चालणं हे दिवसाच्या ओघात आपोआप घडेल अशी जागा, वेळ आणि सोबत तयार करायची. उपदेशाचा नंबर सगळ्यात शेवटी.

हद्द आणि माणसं

शाळा, बाजार, दवाखाना, मैदान आणि एसटी किंवा बस थांबा ज्यात येतात असा एक-दीड किलोमीटरचा तुकडा निवडा. अख्खं शहर एकदम घेतलं की आराखडा छान होतो आणि काम कुठेच दिसत नाही. बैठकीला बांधकाम विभागाचा अभियंता, वीज विभागाचा माणूस, वाहतूक शाखेचा अधिकारी, दोन शाळांचे मुख्याध्यापक, आशाताई, बचत गटाच्या दोघी, फेरीवाल्यांचा प्रतिनिधी आणि चाकाच्या खुर्चीवर किंवा पांढऱ्या काठीने वावरणारी निदान एक व्यक्ती हवी. ही शेवटची व्यक्ती सहसा 'पुढच्या वेळी बोलावू' म्हणून राहते, आणि मग फुटपाथ झाल्यावर त्याला उतार नाही हे कळतं.

मोजल्याशिवाय कुदळ मारू नका

मोजणी दोन प्रकारची. पहिली रस्त्यावरची. चार-पाच ठिकाणं ठरवा: शाळेचं फाटक, बाजाराचं तोंड, मुख्य चौक, मैदान, आणि एक अशी गल्ली जिथे संध्याकाळनंतर कुणी फिरकत नाही. प्रत्येक ठिकाणी विजेच्या खांबापासून समोरच्या दुकानाच्या शटरपर्यंत एक रेघ मनात धरायची आणि ती ओलांडणाऱ्याची नोंद करायची. सकाळी ६ ते ८, दुपारी १२ ते १, संध्याकाळी ५ ते ८. दोन कामाचे दिवस आणि एक रविवार. कागदावर पंधरा-पंधरा मिनिटांच्या ओळी, आणि रकाने असे: मुलगा, मुलगी, पुरुष, स्त्री, साठीच्या पुढचे पुरुष, साठीच्या पुढच्या स्त्रिया, सायकल. कडेवरचं मूल चालणाऱ्यांत धरू नका, हातगाडी ढकलणारा धरा. बाजाराच्या तोंडाशी गर्दी असते, तिथे दोघं बसवा: एक फक्त बायका-मुली मोजेल, दुसरा बाकीचे. एकालाच सगळं दिलं तर गर्दीच्या वेळी तो अंदाजाने रेघा ओढतो. मैदानावर रेघ चालत नाही. तिथे दर अर्ध्या तासाने डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवून बसलेले, चालणारे आणि पळणारे किती, हे स्त्री-पुरुष वेगळे करून लिहायचं.

दुसरी मोजणी घरची. दर दहावं घर धरून दीड-दोनशे प्रौढांना विचारा. जागतिक आरोग्य संघटनेची १६ प्रश्नांची प्रश्नावली यासाठी वापरतात. त्यात काम, जाणं-येणं आणि फावला वेळ असे तीन भाग असतात, शिवाय बसून किती वेळ जातो हा एक प्रश्न. मध्यम श्रमाच्या आणि चालण्याच्या प्रत्येक मिनिटाला ४ गुण, जोरकस श्रमाच्या मिनिटाला ८, आणि आठवड्याला निदान ६०० गुण हवेत. बाजारात जायला १५ आणि यायला १५ मिनिटं, असे आठवड्यातले पाच दिवस भरभर चालणारी बाई १५० मिनिटं चालते आणि बरोबर ६०० वर पोचते. म्हणजे बाजाराचा एक रस्ता चालण्याजोगा झाला तर अनेकींचं उद्दिष्ट तिथेच पुरं होतं.

विचारताना घोटाळा होतो तो 'तुम्ही व्यायाम करता का?' या प्रश्नाने. डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन दोन मजले चढणारी बाई त्याला 'नाही हो, वेळ कुठाय' म्हणते आणि कागदावर निष्क्रिय ठरते. त्याऐवजी कालचा दिवस विचारा: उठल्यावर कुठे कुठे गेलात, चालत की गाडीवर, किती वेळ लागला, काय उचललंत, दम लागला का? बांधकामावरच्या मजुराला आणखी चालायला सांगण्यात अर्थ नसतो, त्याला विश्रांती आणि सावली हवी असते. तेही या उत्तरांतूनच कळतं. सगळ्या मुलाखती सकाळी अकराला घेतल्या तर घरी फक्त गृहिणी आणि निवृत्त माणसं सापडतात, म्हणून निम्म्या संध्याकाळी सातनंतर घ्या. आणि दोनशे जणांवरून निघालेला आकडा सहा-सात टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो. पुढच्या वर्षी तीन टक्के वाढ दिसली म्हणून पेढे वाटू नका.

रस्ता: पैसे आधी इथे

सगळ्या मार्गांत सर्वाधिक माणसांपर्यंत पोचणारा आणि सर्वाधिक चुका होणारा मार्ग हाच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या संहितेप्रमाणे (आयआरसी १०३, २०१२) फुटपाथवर चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि २.२ मीटर मोकळी उंची हवी, आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. इथे 'मोकळी' या शब्दावर सगळं आहे. कागदावर दोन मीटरचा फुटपाथ असतो, पण मध्ये रोहित्राचा खांब, केबलची पेटी, झाडाचं आळं आणि दुकानाची पायरी. प्रत्यक्षात माणूस आडवा होऊन जातो. म्हणून काम काढण्याआधी टेप घेऊन दर वीस मीटरवर मोकळी रुंदी मोजा आणि नकाशावर लिहा. जिथे १.८ पेक्षा कमी भरते ती ठिकाणं म्हणजेच कामाची यादी. खांब, झाडं, बाकडी आणि फेरीवाले यांच्यासाठी रस्त्याकडच्या बाजूला वेगळी पट्टी ठेवा.

कडा जास्त उंच झाली की म्हातारी माणसं फुटपाथ सोडून डांबरावरून चालतात. १५० मिलिमीटर उंचीला १ः१२ चा उतार द्यायचा म्हणजे उताराची लांबी १.८ मीटर येते. ठेकेदार जागा वाचवायला अर्ध्या मीटरचा उतार करतो, तो चाकाच्या खुर्चीला चढत नाही आणि पावसाळ्यात घसरगुंडी होतो. सोसायट्यांच्या फाटकापाशी फुटपाथ खाली-वर करायचा नाही. तो सपाट ठेवायचा आणि चढउतार गाडीने सोसायचा. तिथे पेव्हर ब्लॉक ८० मिलिमीटर जाडीचे घाला, बाकी ठिकाणी ६० पुरतात. ब्लॉक खचतात ते बहुधा खालचा थर नीट न दाबल्याने किंवा कडेला धरून ठेवणारा दगड नसल्याने. एक ब्लॉक सुटला की महिन्याभरात शेजारचे चार सुटतात. चकचकीत फरशी उद्घाटनाच्या फोटोत चांगली दिसते, पण जुलैत तिच्यावरून कुणी चालत नाही.

रस्ता ओलांडण्याची जागा फुटपाथच्याच उंचीची, उचललेली करा. गाड्यांचा वेग आपोआप उतरतो. तिच्या चढाकडच्या बाजूला पावसाळी गटाराची जाळी आधी बसवा. ती नसली की पहिल्याच पावसात तळं साचतं, नागरिक तक्रार करतात आणि दोन दिवसांत जेसीबी येऊन सगळं उखडतो. सिग्नलचा वेळ मोजून घ्या. १४ मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या माणसाला १२ सेकंदांत ओलांडता येतो, ०.८ मीटर चालणाऱ्या आजीला साडेसतरा सेकंद लागतात. पादचाऱ्यांचा दिवा १२ सेकंदांवर लावला तर आजी मधोमध अडकते, आणि एकदा अडकली की पुढे ती घराबाहेर पडायचंच टाळते. वेळ वाढवता येत नसेल तर मध्ये थांबायला दुभाजकात जागा करा.

फुटपाथवर चढणाऱ्या दुचाक्या ही आपली खास डोकेदुखी. खुंट्या लावून चारचाकी अडते, दुचाकी नाही, कारण चाकाच्या खुर्चीला ९० सेंटिमीटरची फट ठेवावीच लागते आणि तेवढ्यातून दुचाकी सहज जाते. खुंट्या जवळजवळ लावून दुचाकी अडवली तर खुर्चीही अडली. यावर उपाय चौकातच आहे: दुचाकीवाला फुटपाथवर चढतो तो बहुतेकदा चौकातली रांग चुकवायला, तेव्हा तिथला सिग्नल सुधारा आणि पहिले दोन महिने गर्दीच्या वेळी एक वाहतूक कर्मचारी उभा करा.

फेरीवाले उठवले की फुटपाथ मोकळा होतो आणि रात्री आठनंतर सुनसानही. भाजीवाली, इस्त्रीवाला, चहाची टपरी यांच्या दिव्यामुळे आणि नजरेमुळे बायका त्या रस्त्याने येतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत बसून त्यांच्या जागा त्या कडेच्या पट्टीत आखून द्या.

बायकांची वेळ

मैदान सगळ्यांचं असतं असं म्हणतात. मोजणीचा कागद काढा आणि संध्याकाळी साडेपाचचा रकाना बघा: मध्यभागी पोरांचं क्रिकेट, कडेने पुरुष, आणि बायका बहुधा फाटकापाशी मुलाला न्यायला आलेल्या. हे फलक लावून बदलत नाही. घड्याळ लावून बदलतं. आठवड्यातले निदान चार दिवस ठरावीक दीड तास बायका-मुलींसाठी राखून ठेवा. वेळ कुठली ते बचत गटाला विचारा, स्वतः ठरवू नका. काही वस्त्यांत पहाटेची वेळ चालते, काहींत दुपारी तीन ते साडेचार, कारण पाणी यायची वेळ आणि शाळा सुटायची वेळ सांभाळावी लागते. क्रिकेटवाल्या पोरांना आधी विश्वासात घ्या आणि त्यांना त्या वेळी दुसरी जागा द्या, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात चेंडू अंगावर येतो.

स्वच्छ, कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह नसेल तर बाकीचं सगळं व्यर्थ आहे. दिव्यांची तपासणी रात्री पायी फिरून करा. दिवसा खांब मोजले तर सगळे खांब जागेवर दिसतात, पण निम्मा उजेड झाडाच्या फांद्यांत अडकलेला असतो. दोन खांबांमधला अंधाराचा पट्टा खडूने आखून घ्या आणि छाटणीचं पत्र त्याच आठवड्यात टाका.

आणि साडी-चप्पल घालून करता येईल असंच काही ठेवा. ट्रॅकपँटची अट आली की निम्म्या जणी गळतात. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा हे मंगळागौरीचे खेळ नीट खेळले तर चांगलाच दम काढतात आणि त्यांना श्रावणाची वाट बघायची गरज नाही. गुडघे दुखणाऱ्यांना बसफुगडी नको, उभ्याने फेर धरायला सांगा.

शाळेतला तास

सहामाही जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वेळापत्रकात तो पहिल्या दोन तासांत टाकला की पळवणं अवघड होतं. पण तास मिळाला तरी मुलं हलतात किती, हे बघा. चाळीस मुलांचा वर्ग खो-खो खेळतोय असं धरा: आठ जण चौकात बसलेले, एक पाठलाग करणारा, तीन पळणारे. म्हणजे एका वेळी चौघं पळतात आणि अठ्ठावीस जण बाजूला ओरडतात. त्याऐवजी चुन्याने चार लहान मैदानं आखा, प्रत्येकात चार बसणारे, एक पाठलागाला, दोन पळणारे आणि उरलेले तीन. दर दोन मिनिटांनी पाळी बदला. लेझीम असेल तर उत्तमच, कारण त्यात सगळे एकदम हलतात आणि जागा कमी लागते.

शाळेत चालत येण्यासाठी 'चालती बस' करता येते. एक-सव्वा किलोमीटरचा मार्ग, तीन-चार थांबे, थांब्याची वेळ मिनिटासकट लिहिलेली, आठ-दहा मुलं, एक मोठं माणूस पुढे आणि एक मागे. ती बंद पडते ती सहसा एखाद्या दिवशी मोठं माणूस न आल्याने. म्हणून प्रत्येक जागेसाठी एक बदली माणूस ठेवा आणि आदल्या रात्री आठपर्यंत निरोप द्यायचा नियम करा. सुरुवात जूनमध्ये करू नका, पाऊस पहिल्याच आठवड्यात मोडता घालतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा करा. हवा चांगली असते आणि पालक राजी होतात.

आशाताई आणि डॉक्टर

तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई जो सीबॅक फॉर्म (मधुमेह, रक्तदाब अशा आजारांचा धोका ओळखायची प्रश्नयादी) भरतात, त्यात आठवड्याला १५० मिनिटांच्या हालचालीचा प्रश्न असतोच. कमी असेल तर १ गुण, आणि सगळ्या प्रश्नांचे मिळून चारापेक्षा जास्त झाले की तपासणीला प्राधान्य. ही माहिती तुमच्या हद्दीपुरती, नावं न घेता, वैद्यकीय अधिकाऱ्याकडून मागून घ्या. कुठल्या वस्तीत प्रमाण जास्त आहे ते कळेल.

डॉक्टरांचं 'रोज चालत जा' हे वाक्य रुग्ण दारापाशीच विसरतो. चिठ्ठीवर असं लिहावं: 'दवाखाना ते गणपती मंदिर आणि परत, संध्याकाळी साडेसहा, शेजारच्या ताईंबरोबर; पहिला आठवडा १० मिनिटं, मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा.' इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने खिशात साखर ठेवावी, उपाशीपोटी लांब जाऊ नये. मधुमेह्याने अनवाणी चालू नये, घरी आल्यावर तळपाय बघावेत. चालताना छातीत दाटलं, घेरी आली किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर थांबून त्याच दिवशी दाखवायचं.

मोकळा रस्ता

कोलंबियाच्या बोगोता शहरात १९७४ पासून रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी ७ ते २ मोठे रस्ते गाड्यांना बंद ठेवतात, आता १२० किलोमीटरहून जास्त. आपल्याकडे गुरुग्रामने २०१३ मध्ये राहगिरी सुरू केली आणि पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन झाला. बोगोताच्या उपक्रमाचा जीव आहे तो दर आठवड्याला होण्यात. महिन्यातून एकदा ठेवला की लोकांच्या अंगवळणी पडत नाही.

एक किलोमीटरचा रस्ता, रविवारी ६ ते ९. वाहतूक शाखेकडे महिनाभर आधी अर्ज; सोबत वळवलेल्या वाहतुकीचा नकाशा. रुग्णवाहिकेसाठी साडेतीन मीटरची पट्टी कायम मोकळी. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक स्वयंसेवक, कारण गाड्या मोठ्या चौकातून नव्हे तर गल्लीतून शिरतात. रहिवाशांना शुक्रवारी आणि शनिवारी चिठ्ठ्या द्या. मंच आणि डीजे नको. मंच आला की लोक समोर उभे राहून बघतात, आणि गाणी ऐकून वरच्या मजल्यावरचे आजोबा पुढच्या वेळी हरकत घेतात.

सांगायचं ते नेमकं

'रोज दहा हजार पावलं' हे जपानमध्ये १९६५ च्या सुमाराला विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राचं नाव होतं, वैद्यकीय सीमारेषा नव्हे. रोज तीन हजार पावलं चालणारी बाई दहा हजार ऐकून नाद सोडते. त्यापेक्षा जिन्याच्या पहिल्या पायरीशी, लिफ्टच्या बटणाच्या उंचीवर पाटी लावा: 'दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना, एक मिनिट.' पण आधी जिना झाडून घ्या, बल्ब लावा आणि पिचकाऱ्यांचे कोपरे रंगवून घ्या. विदर्भ-मराठवाड्यात मार्च ते जून वेळ बदला: पहाटे साडेपाच ते साडेसात, मग थेट सूर्यास्तानंतर. त्या काळात दुपारी हालचालीचं कुठलंही आवाहन करू नका.

पैसा आणि देखभाल

नगरपालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजूर होतं. मोजणीच्या कागदांसह मागणी दिवाळीच्या आसपास पोचली पाहिजे. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे, तिथे तो अर्ज भरा. खुल्या व्यायामशाळेची मागणी पहिल्यांदा करू नका. ती झटपट मंजूर होते, फीत कापता येते, आणि दोन पावसाळ्यांत बेअरिंग गंजून एक पाय हवेत लटकलेला राहतो. प्रत्येक कामाला निविदेतच दोन वर्षांच्या देखभालीचं कलम घाला, आणि दिवा बंद पडल्यावर किती दिवसांत लागला पाहिजे तेही लिहा.

दुसरी मोजणी बरोबर वर्षाने, त्याच आठवड्यात, त्याच वारी, त्याच रेघांवर. पहिली जानेवारीत आणि दुसरी मेमध्ये केली तर तुम्ही ऊन मोजलं. एकूण आकड्याआधी स्त्रियांचा आणि साठीच्या पुढच्यांचा रकाना वाचा. एकूण संख्या वाढली आणि त्यांचा वाटा घटला, तर सुधारलेल्या रस्त्याचा फायदा आधीच चालणाऱ्या पुरुषांनी घेतला असं समजा आणि पुढच्या वर्षीचा निधी दिवे, स्वच्छतागृह आणि राखीव वेळेकडे वळवा. दोन्ही रकाने जागचे हलले नसतील, तर ज्या घरांतून कुणी बाहेर पडत नाही तिथल्या दहा जणींना घेऊन दारापासून बाजारापर्यंत चालत जा. त्या पहिल्यांदा कुठे थबकतात ते नकाशावर लिहा, आणि पुढचं काम तिथूनच काढा.